हाताने ठेवलेलं नाव

नाताळ अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, की शामुवेलराव, तुम्ही उभा जन्म गिरणीत काढलात, आमच्या वाचकांसाठी काही बोधपर लिहा. बोध माझ्याजवळ एकच आहे आणि तोही दुसऱ्याच्या जिवावर मिळालेला. थापा मात्र पोत्याने आहेत. तेव्हा थापांपासून सुरुवात करतो. बोध येईल मागून. तो माझ्याकडे नेहमी उशिराच आलेला आहे.

सोलापुरात आमच्या गिरणीचं साळखातं, म्हणजे माग चालतात आणि कापड विणलं जातं ती जागा, किती गोंगाटाची होती हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. एकदा छपराच्या फुटक्या काचेतून एक कावळा आत शिरला. दोन घिरट्या घातल्या, चोच वासून ओरडला, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना म्हणून घाबरला आणि बाहेर पडला तो जन्माचा मुका झाला. पुढे कितीतरी वर्षं गिरणीच्या दारातल्या चिंचेवर तो बसलेला मी पाहत होतो. आमचा एक विणकर बायकोशी भांडण झालं की दुखणं आलं तरी कामावर हजर व्हायचा. त्याला आमच्या खात्यात शांत वाटायचं. कावळ्याचं सोडा, पण हे विणकराचं खरं आहे.

आठशे माग, माणशी दोन. प्रत्येक मागात लोखंडी टोकाचा लाकडी धोटा सुताची कांडी पोटात घेऊन या काठावरून त्या काठावर आपटत जातो आणि तसाच परत येतो. असे आठशे धोटे एका छपराखाली. तिथे माणसाने माणसाशी बोलायचं कसं? तर ओठांनी आणि हातांनी. तार तुटली, की दोन बोटं जोडून फाकवायची. तहान लागली, की अंगठा ओठाला. साहेब आला, तर कसं सांगायचं ते पुढे येईल.

आणि नावं. हाक मारून उपयोग नाही, म्हणून प्रत्येकाला हाताचं एक नाव असायचं. दादामियाँचं नाव दाढी कुरवाळणे. होटगीच्या एका गड्याचा बाप रेल्वेत सिग्नलवाला होता, तर त्याचं नाव हात आडवा धरून खाली पाडणे. वळसंगचा गुरुबाळ कपाळाला भस्म लावून यायचा. तीन बोटं कपाळावरून फिरवली की गुरुबाळ. माझं नाव छातीवर बोटाने काढलेला क्रूस. खात्यात ख्रिस्ती जॉबर मी एकटा, म्हणून त्या नावाला दुसरा वाटेकरी नव्हता.

जॉबर म्हणजे काय, तेही सांगतो. मागांच्या रांगेचा तो वैद्य. माग आजारी पडला की नाडी बघायची, नटबोल्ट पिळायचे, पट्टा चढवायचा, आणि नवा माणूस आला की त्याला मागावर उभा करायचा. माझ्या मते मी सोलापुरातला पहिल्या नंबरचा जॉबर होतो. नुसता रांगेतून चालत गेलो तरी बिघडलेले माग लाजून आपोआप सुरू होत. पण माझी खरी ख्याती वेगळी होती. खात्यातल्या निम्म्याअधिक माणसांची हाताची नावं मी ठेवली होती. बारशाला आत्या लागते. आमच्या खात्याची आत्या मी होतो. नवा माणूस उभा राहिला की दोन दिवस मी त्याला न्याहाळायचो, तिसऱ्या दिवशी हात हलवायचो, की झालं नाव. भोंगा व्हायच्या आत ते आठशे मागांवर पोचलेलं असायचं.

साहेबाचं नाव होतं दोन्ही हातांनी पाटलोण वर ओढणे, कारण तो घटकेघटकेला तेच करायचा. एकदा त्याने मला कचेरीत बोलावून विचारलंच, "माझं नाव काय ठेवलंय तुम्ही लोकांनी?" मी ते करून दाखवलं आणि तोंडावरची सुरकुती न हलवता सांगितलं, "साहेब, ही आमच्याकडे सरदाराची खूण. लढाईवर निघताना कंबर कसतात ना, ती." साहेब इतका खूश झाला, की दुसऱ्या दिवसापासून खात्यात शिरताना दारातच उभा राहून आपली पाटलोण वर ओढायचा आणि आमच्याकडे बघून मान हलवायचा. साहेब येतोय ही वर्दी आम्हाला मग साहेबच देऊ लागला.

हे असं चालायचं. नाव ठेवलेला माणूस स्वतःच पहिला हसायचा. दादामियाँ तर लग्नकार्यातसुद्धा दाढी कुरवाळून आपली ओळख द्यायचे. त्यामुळे मला वाटायचं, की थट्टा ही एकंदर चांगलीच वस्तू आहे. देवाने ती माझ्याकडे वाटायला दिलेली आहे.

आता मल्लय्या.

पहिली मोठी लढाई संपून दहाएक वर्षं झाली असतील. मल्लय्या तेलुगू बोलणाऱ्या साळ्यांपैकी, हातमागावर वाढलेला. त्याच्या बोटांना डोळे होते. तुटलेली तार दुसरा माणूस शोधेपर्यंत ह्याची गाठ मारून व्हायची. दोन मागांच्या मध्ये उभा राहून तो सावकाश डुलायचा, या पायावरून त्या पायावर. ओठ हलत असायचे. म्हणजे काहीतरी गात असणार. ऐकू यायचा प्रश्नच नव्हता, त्याला स्वतःलाही नाही. पण डुलायचा असा, की बघणाऱ्याला वाटावं, ह्या राक्षसाच्या पोटात हा एकटाच घरी आहे.

तिसऱ्या दिवशी मी नाव ठेवलं. दोन्ही हात जोडीने पुढे धरले आणि पाळण्यासारखे हलवले. खातं हसलं. मल्लय्याही थोडा हसला असावा. मी नीट पाहिलं नाही. दाद मिळत असताना मी कधीच नीट पाहत नसे.

महिन्याभराने दुपारच्या सुट्टीत हौदावर गुरुबाळ माझ्याजवळ सरकला.

"शामू, त्या मल्लय्याला पोर हाय का रं?"

"मला काय माहीत?"

"न्हाय. तीन झाली, तिन्ही गेली. आमच्या घरामागंच ऱ्हातोय त्यो." एवढं बोलून त्याने पाळणा हलवला, हात थांबवले आणि दोन्ही तळवे उताणे करून दाखवले. रिकामे. "बग, आता पुरं झालं की नाव."

इथे मला लिहिता आलं असतं, की मी गुरुबाळाला गप्प केलं. तीस वर्षांनंतर कोण तपासायला येणार आहे? पण मी हसलो. मोठ्याने हसलो, कारण हौदावर आवाज ऐकू येतो. आणि दुपारच्या पाळीत ते तळवे खात्यात फिरताना पाहून मीही एकदा तसेच उताणे केले.

आमच्या खात्यातल्या हसण्याची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. त्याला आवाज नसतो. शंभर माणसं हसली तरी कानावर काही येत नाही. फक्त दात दिसतात. ज्याला हसतात त्याला तर दातच दिसतात.

त्या दिवसापासून मल्लय्या डुलायचा थांबला. ताठ उभा राहू लागला, खांबासारखा. काम तेच, गाठी तशाच. मला ते दिसलं होतं. मी मनाशी म्हटलं, पाय दुखत असतील.

पुढल्या उन्हाळ्यात, आमचा उत्तम शुक्रवार, म्हणजे प्रभूला क्रूसावर खिळलं तो दिवस, तोंडावर आला होता. बुधवारी सुट्टीत मल्लय्या चिंचेखाली माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अण्णा, सोमवारपास्नं माझी बायको कांडीखात्यात येनार हाय."

"वा! मग पेढे कुठायत?"

तो हसला नाही. कांडीखात्यातल्या बाया टोपल्यांतून भरलेल्या कांड्या घेऊन साळखात्यात येत. म्हणजे ती दिवसातून दहा वेळा आमच्यातून फिरणार होती.

"तिला ते दिसला न्हाय पायजे," तो म्हणाला.

"काय दिसलं नाही पाहिजे?" मला ठाऊक असून मी विचारलं.

त्याने हात हलवले नाहीत. तो नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला.

"अरे, थट्टा असते ती मल्लय्या. कुणाच्या मनात काही नसतं."

"व्हय. तुमच्या मनात काय न्हाय. म्हनून तुमाला त्याचं वजन न्हाय." मग म्हणाला, "शेजारी बारसं असला की ती दार लावून बसती. मी तिला सांगितलाय, खात्यातली मानसं लई चांगली हायेत. नाव तुमी ठेवला अण्णा, तुमीच काढा."

आणि निघून गेला. भोंगा व्हायला वेळ होता, तरी निघून गेला.

हाताचं नाव काढायचं कसं? गोंदण परवडलं, ते निदान एकाच माणसाच्या अंगावर असतं. हे चारशे माणसांच्या हातांत होतं. गुरुवारी मी जॉबरपणाचा धाक वापरला. रांगेरांगेतून गेलो, पाळणा करून दाखवला आणि बोट हलवून बजावलं, हे बंद. परिणाम काय झाला? दुपारपर्यंत मल्लय्याच्या नावाला शेपूट फुटलं. पाळणा, रिकामे तळवे, आणि वर ओठांवर बोट: चूप, जॉबर रागावतो. आधी जे नाव होतं त्याचं मी आता नाटक करून दिलं होतं. मल्लय्या खाली मान घालून गाठी मारत होता.

शुक्रवारी रजा टाकून उपासनेला गेलो. आमचे पाळक साधे गृहस्थ, आवाज बारीक, आणि त्यांची नक्कल मी मंडळीत इतकी फर्मास करायचो, की एकदा त्यांच्या घरच्या कुत्र्याने माझ्यासमोर शेपूट हलवलं. त्या दिवशी ते शिपायांविषयी बोलले. म्हणाले, "प्रभूला फटके मारायचा हुकूम होता. खिळे ठोकायचाही हुकूम होता. पण काट्यांचा मुकुट करा असं त्या शिपायांना कुणी सांगितलं नव्हतं. तो त्यांनी हौसेने केला. जांभळा झगा घातला, हातात बोरू दिला, गुडघे टेकले, राजा म्हणाले आणि हसले. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. दिवस कंटाळवाणा होता, इतकंच."

बाकीचं प्रवचन मी ऐकलं नाही. मी विणकर माणूस. माझ्या डोळ्यांपुढे तो मुकुट करणारा शिपाई आला. बाभळीचा काटा सरळ असतो, वळत नाही. त्याची फांदी वाकवून, एकात एक अडकवून गोल बसवायची म्हणजे हात चांगला हवा. बोटं सोलवटली असतील त्याची. तरी तो बसून गुंफत होता आणि भोवतीची माणसं म्हणत होती, वा, काय सुरेख जमलंय! त्या शिपायाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण मला त्याचे हात ओळखीचे वाटले.

घरी येऊन मी मार्थेला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्याची माफी मागा."

"माफी मी उद्या मागेन. पण सोमवारी ती बाई येणार. चारशे हातांचं काय करू?"

"ते मला काय ठाऊक? इतकी वर्षं लोकांना हसवता येतं, एक दिवस गप्प करता येत नाही होय?"

ह्याच बोलण्यातून मला वाट दिसली, तिचा तसा हेतू नसला तरी. गप्प करता येत नव्हतं, हे खरंच. पण हसवता येत होतं.

शनिवारी सकाळी सगळे माग सुरू झाल्यावर मी खात्याच्या मधल्या वाटेत एक रिकामं खोकं ठेवलं आणि त्यावर चढलो. दोन्ही हात वर करून सगळ्यांची नजर ओढली. मग छातीवर क्रूस काढला: मी, शामुवेल. आणि पाळणा हलवला. एक पोर काढून खांद्यावर घेतलं. पुन्हा पाळणा. दुसरं कडेवर. तिसरं पाठीवर. चौथं माझं धोतर ओढतंय, पाचवं मिशी उपटतंय, सहावं कुठे गेलं म्हणून खोक्याखाली शोधलं. मला पोरं सात. त्या दिवशी मी नऊ काढली, आणि नववं पाळण्यात ठेवतोय तोच दहावं रडायला लागलं म्हणून कपाळावर हात मारून खोक्यावरून खाली कोसळलो. उठलो, छातीवर हात ठेवला, पाळणा हलवला. मी. हा मी. पाळणा म्हणजे मी.

खातं फुटलं. चारशे माणसं मागाकडे पाठ करून दात दाखवत होती. तुटलेल्या तारांकडे कुणाचं लक्ष नाही. एवढ्या तारा तुटल्या की जोडल्या असत्या तर अक्कलकोटपर्यंत पोचल्या असत्या. तेवढ्यात दारात पाटलोण वर ओढली गेली. त्या दिवशी साहेबाची वर्दी कुणालाच दिसली नाही.

साहेबाने मला बुधवारपर्यंत घरी बसवलं. कचेरीत त्याने विचारलं, "हा काय प्रकार होता?" मी म्हटलं, "साहेब, नाव बदलून घेतलं." बाहेर पडताना मल्लय्या आपल्या मागांमध्ये उभा दिसला. तेवढा तो एकटा हसत नव्हता. मी त्याच्यापुढे हात जोडले. माफी मागायला माझ्याकडे हाताची खूण नव्हती. इतकी नावं ठेवली, पण ती खूण करायची कधी गरजच पडली नव्हती. त्याने पाहिलं आणि मान वळवून तार जोडायला घेतली.

मार्थेला कळलं तेव्हा तिने आधी विचारलं, "माझी पोरं का मोजलीत चारचौघांत?" मग म्हणाली, "प्रायश्चित्त घ्यायलासुद्धा तुम्हाला बघे लागतात." मी म्हटलं, "माझा क्रूस गेला गं. आता खात्यात मी पाळणाच." ती म्हणाली, "त्या नावाला शोभेल असं तुम्ही केलं काय होतं?"

सोमवार उजाडला. ती बाई खात्यात गेली असणार, टोपली घेऊन फिरली असणार, आणि मी इकडे अंगणात खाट ठोकत बसलोय. जुनं नाव टिकलं की नवं बसलं? एखाद्या कोपऱ्यातल्या माणसाने शनिवारचा खेळ पाहिलाच नसेल तर? मंगळवार, बुधवार. त्या तीन दिवसांत मी त्या खाटेचे पाय इतके ठोकले की ती बाजेची बसकर झाली.

गुरुवारी गिरणीच्या दारातच दादामियाँनी मला पाहून दाढी सोडली आणि पाळणा हलवला. आत शिरलो तो रांगेमागून रांग मला पाळणा हलवून सलाम करत होती. गुरुबाळानेही हलवला, वर नऊ बोटं दाखवली. रिकामे तळवे कुठेच नव्हते.

थोड्या वेळाने कानाला ऊब लागली. आमच्या खात्यात खरंच शब्द पोचवायचे तर माणूस कानाला तोंड लावतो आणि दोन्ही हातांची ओंजळ भोवती धरतो. एवढा त्रास सहसा कुणी घेत नाही. मल्लय्या होता.

"शामुवेलअण्णा, तिनं बघितला. इचारलं, पाळना पाळना करत्यात ते कोन? मी सांगितला, आमचे जॉबर, लई लेकरं हायेत त्यांना."

मी मान हलवली.

"ती हसली. मग घरी येऊन म्हनली, त्या जॉबरांच्या बाईंना सांगा, लेकरांची अशी मोजदाद करू देऊ नका. नजर लागती."

एवढं बोलून तो मागावर गेला. मी पाना हातात घेऊन कितीतरी वेळ एका धडधाकट मागाशी वाकून उभा राहिलो. आवाजाचा एक फायदा असतो. माणूस काय करतोय ते शेजाऱ्याला ऐकू येत नाही.

संध्याकाळी चिंचेखाली मी त्याची तोंडाने माफी मागितली. तो म्हणाला, "झाला ते झाला, अण्णा." मनापासून म्हणाला. तरीही मल्लय्या पुन्हा डुलला नाही. मी पुढे कितीतरी वर्षं खांबाआडून, मागाआडून, त्याच्या रांगेत काही काम नसताना जाऊन पाहिलं. हात चालायचे, ओठ मिटलेले, पाय जमिनीला खिळलेले. तो काय गात होता ते मला कधी कळलं नाही, आणि विचारायला माझ्याकडे तोंड नव्हतं. त्याला पुढे मूल झालं का, असं वाचक विचारतील. झालं नाही. मला ती थाप मारता आली असती.

तेव्हापासून मी नावं ठेवायचं सोडलं असं नाही, जित्याची खोड. पण नवा माणूस आला की आधी त्याच्या घरी चहाला जाऊन यायचो. मग कधीकधी तिसऱ्या दिवसाऐवजी तिसरा महिना लागायचा. लोक म्हणायचे, शामू म्हातारा झाला.

मी गिरणी सोडली त्या दिवशी मधल्या वाटेने दाराकडे निघालो, तर दोन्ही बाजूंनी चारशे माणसं पाळणा हलवत होती. आठशे हात, दोन कमी. ह्यात थाप नाही, मोजून घ्या. दात सगळ्यांचे दिसत होते, पण त्या दिवशी मला तोंडंही दिसली.

मल्लय्याने हात हलवले नाहीत. इतक्या वर्षांत त्याने मला त्या खुणेने एकदाही बोलावलं नव्हतं. काम असलं की चालत यायचा. त्याने दोन्ही माग बंद केले, वाटेत आला, माझ्या कानाभोवती ओंजळ धरली आणि नुसतं माझं नाव घेतलं. सगळं, बापाच्या नावासकट.

मग तो आपल्या मागांकडे परत गेला.